लीड्सच्या परसात द्राक्षवेल: घड लागतात, मग गोडी का भरत नाही?

ताई, तुमच्या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. लीड्सला घरामागच्या लाकडी मांडवावर चार वर्षांपूर्वी लावलेली ब्लॅक हॅम्बर्ग जातीची वेल गेल्या साली पंचवीसेक घडांनी लगडली, मणी काळेही झाले, पण तोंडात धरवेनात इतके आंबट निघाले, ते का? माहेरी पिंपळगाव बसवंतला घेतात तशी ऑक्टोबरात गोडी छाटणी (घड बाहेर काढायची छाटणी) घेतली तर फरक पडेल का? आणि भावाच्या बागेतल्या तास-ए-गणेश जातीच्या चार काड्या पुढच्या खेपेला बॅगेतून आणल्या तर?

मी निफाड तालुक्यातला. बाग वडिलांची. गेली बावीस वर्षं शेफिल्डला आहे. इथे माझ्या विटांच्या भिंतीवर दोन वेली आहेत, एक बिनहीटरच्या काचघरात आहे आणि भाड्याच्या बागतुकड्यावर आणखी तीन. त्यातल्या निम्म्या तरी मी आधी बिघडवून मग सुधारल्या आहेत, तेव्हा जे सांगतो ते त्या हिशोबाने घ्या.

काड्यांचं आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आटपतं. आणू नका. भारतातून ब्रिटनमध्ये द्राक्षाची रोपं, कलमं, काड्या आणायला बंदी आहे. फळाचं वेगळं, लावायच्या मालाचं वेगळं. चार काड्यांनी काय होतंय असं वाटतं खरं, पण लंडनच्या हॅमरस्मिथ भागातल्या एका काचघरात १८६३ साली वेलीच्या पानांवर गाठी दिसल्या, त्यात फायलोक्सेरा नावाची अमेरिकेतून आलेली कीड निघाली. मुळं खाणाऱ्या त्याच किडीने पुढे फ्रान्सच्या बागांची धूळधाण केली. आज युरोपात द्राक्ष अमेरिकन खुंटावर कलम करून लावतात ते तिच्यामुळे. (आपल्याकडचा डॉगरिज खुंटही अमेरिकन वंशाचाच, पण तो आला पाण्याची टंचाई आणि खारवट जमीन यांच्यासाठी.) एवढं करूनही तास-ए-गणेश इथे उघड्यावर पिकणारच नाही. ती थॉमसन सीडलेसमधून निवडलेली, आणि थॉमसनला लागते तेवढी ऊब लीड्समध्ये कुठल्याच साली मिळत नाही.

त्यावर तोड मात्र आहे. न्यूयॉर्क राज्यात जिनिव्हा इथल्या संशोधन केंद्रात थॉमसनचा ओंटारिओ नावाच्या थंडी सोसणाऱ्या जातीशी संकर केला. त्यातून इंटरलाकन, हिमरॉड, लेकमाँट या बिनबियांच्या जाती निघाल्या. इथल्या नर्सऱ्यांत हिमरॉड आणि लेकमाँट सहज मिळतात. म्हणजे हिमरॉड ही नात्याने भावाच्या वेलीची लेकच. तिच्याकडे परत येतो.

आता आंबटपणा. नाशिकला आपण ऑक्टोबरात छाटतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये घड काढतो. मण्यात पाणी उतरतं, म्हणजे तो मऊ पडून गोड व्हायला लागतो, तेव्हा थंडी सरत आलेली असते, दिवस मोठे होत असतात, ऊन रोज थोडं वर चढतं. आपली गोडी चढत्या उन्हात भरते. इथे बरोबर उलटं. पाणी उतरायला ऑगस्ट संपतो, कधी सप्टेंबर उजाडतो, आणि तिथून पुढचा प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा लहान आणि गार. जूनमध्ये लीड्सला सतरा तासांचा दिवस असतो हे खरं, पण उजेड म्हणजे ऊब नव्हे. वेलीची वाढ साधारण १० अंशांच्या वर सुरू होते, आणि तुमच्याकडे जुलैच्या दुपारीही पारा बहुतेक दिवस २०-२२च्या आसपास घुटमळतो. त्यात वाढ भरपूर होते, पण पिकण्याला जो जोर लागतो तो मिळत नाही.

हिरव्या मण्यात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. मणी पिकताना यातलं मॅलिक आम्ल श्वसनात जळतं, आणि ते किती वेगाने जळेल हे उष्णतेवर ठरतं. नाशिकच्या मार्चमध्ये ते भराभर उतरतं. लीड्सच्या गार ऑक्टोबरात मण्यात साखर बऱ्यापैकी आली तरी आम्ल तसंच बसून राहतं, म्हणून गोड असूनही मणी आंबट लागतो. शिवाय काळ्या जातींत रंग गोडीच्या कितीतरी आधी येतो. तुमचे मणी काळे झाले तेव्हा ते पिकले नव्हते, पिकायला नुकते लागले होते. ब्लॅक हॅम्बर्गला रंग धरल्यावरही तीन ते सहा आठवडे वेलीवर राहावं लागतं, आणि लीड्सच्या उघड्या मांडवावर ते आठवडे उरतच नाहीत.

म्हणून इथलं प्रत्येक काम मी एकाच हिशोबाने करतो: दिवस वाचवायचे. फुलोऱ्यापासून काढणीपर्यंत शंभरेक दिवस धरा. फुलोरा २० जूनला आला तर सप्टेंबरच्या अखेरीस गोडी हाती लागते. १० जुलैला आला तर ऑक्टोबरची १८ तारीख उजाडते, आणि तोवर पानं पिवळी पडायला लागलेली असतात. वीस दिवसांच्या त्या फरकात सगळा खेळ आहे. हे वीस दिवस जागा निवडण्यात, जात निवडण्यात आणि घड कमी करण्यात मिळतात. खतात मिळत नाहीत, औषधात तर नाहीतच.

जागेपासून सुरुवात करू, कारण तुमचा मांडव हीच पहिली चूक आहे. राग मानू नका, मीही पहिल्या वर्षी मांडवच घातला होता. द्राक्ष म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुसरं काही येत नाही. पण आपल्याकडचा मांडव घडांवर सावली धरतो. तिथे ऊन जास्त होतं, मणी भाजतात, गुलाबी पडतात, म्हणून आपण जानेवारीत घडाघडाला वर्तमानपत्राचे कागद गुंडाळत बसतो. इथे सावली परवडत नाही. मांडवावर पानांचं छत ऊन खातं आणि खाली घड गारठ्यात लोंबतात. बसायला छान, फोटो सुरेख, द्राक्षं आंबट.

तुम्ही लिहिलंय की स्वयंपाकघराची मागची भिंत दक्षिणेकडे आणि विटांची आहे. तीच तुमची बाग. वीट दिवसभर तापते आणि रात्री ऊब सोडत राहते. एप्रिल-मेमध्ये यामुळे डोळे लवकर फुटतात आणि सप्टेंबरात रात्रीचा गारठा बोथट होतो. भिंतीपासून वीत-दीड वीत अंतर सोडून खड्डा घ्या, कारण भिंतीच्या बुडाशी माती कोरडी असते आणि पाया भरताना टाकलेला राबिट निघतो. निचरा चांगला हवा. शेणखत, कंपोस्ट हात राखून घाला. माती फार कसदार केली तर वेल ऑक्टोबरपर्यंत शेंडाच काढत राहते. तारा आडव्या, एकीपासून दुसरी फूटभर अंतरावर, आणि भिंतीपासून चार बोटं पुढे, म्हणजे पानांमागून हवा खेळती राहील. तारा ताणायला गोल कडीचे लांब स्क्रू मिळतात, त्यांना इथे ‘व्हाइन आय’ म्हणतात. हार्डवेअरच्या दुकानात पहिल्यांदा ते नाव वाचलं तेव्हा मला वाटलं, हे लोक द्राक्षाचे डोळे पाकिटात घालून विकतात की काय!

जात. भिंतीवर हिमरॉड लावा. पिवळसर हिरवे लहान मणी, मधासारखी चव, बिया नाहीत. जीएचं डिपिंग (मणी लांबवायला घड जिबरेलिक आम्लात बुडवणं) इथे नाही, त्यामुळे मणी भावाच्या बागेतल्यासारखे लांबोडके होणार नाहीत; मुलं मूठ-मूठ खातात तेव्हा त्याचं काही वाटत नाही. तिचा घड मुळातच सुटा असतो. हा गुण दिसायला गबाळा, पण इथल्या ओल्या शरद ऋतूत लाखमोलाचा, कारण मण्यांमध्ये पाणी साचत नाही आणि कूज कमी लागते. लेकमाँट चवीला उजवी, पण उशिराची, आणि घड जास्त दाट. तुम्ही दक्षिणेकडच्या उबदार केंटमध्ये असतात तर तीच लावा म्हटलं असतं. बिया चालत असतील तर काळ्यांत बॉस्कूप ग्लोरी भरवशाची, पांढऱ्यांत फिनिक्स. फिनिक्स भुरी रोगाला चांगली तोंड देते. स्ट्रॉबेरी ग्रेप नावाने एक विकतात, तिला बंगळूर ब्लूसारखा वास असतो. ज्यांना तो आवडतो त्यांना फार आवडतो, मला नाही. मस्कॅट ऑफ अलेक्झांड्रियाचं नाव ऐकून भुलू नका. चव स्वर्गीय, पण तिला तापवलेलं काचघर लागतं, आणि विजेचं बिल पाहता प्रत्येक मणी सोन्याचा पडेल.

तुमची ब्लॅक हॅम्बर्ग वाईट नाही, ती चुकीच्या जागी आहे. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातली ती प्रसिद्ध वेल याच जातीची. १७६८ साली लावलेली, आणि अजून दर वर्षी फळ देते. २००१ साली तिला ३८३ किलो द्राक्षं आली होती. पण ती काचेखाली आहे. फक्त तिचं मूळ बाहेरच्या मातीत, आणि तिथे दुसरं काही लावत नाहीत, ती जमीन तिच्या मुळांसाठी मोकळी राखली आहे. जुन्या माळ्यांची ही युक्ती आपणही वापरू शकतो: मूळ बाहेर, ओलांडा (वेलीची कायम ठेवायची मुख्य फांदी) भोक पाडून काचघरात. पाण्याची निम्मी कटकट पावसावर सोपवता येते.

तेव्हा भिंतीला टेकवून छोटं काचघर उभं करायची तयारी असेल तर डिसेंबरात, वेल झोपलेली असताना, मांडवावरची ब्लॅक हॅम्बर्ग मुळांसकट उचला, वर दोन-तीन डोळे ठेवून बाकी छाटून टाका आणि काचघराच्या बाहेर लावून शेंडा आत घ्या. दोन वर्षं फळ जाईल. तेवढं जिवावर येत असेल तर त्याच वेळी तिच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या कापून वाळूत लावा. द्राक्षाची काडी किती सहज मुळं धरते हे पिंपळगावच्या माणसाला मी काय सांगणार.

आता छाटणी. इथेच आपण नाशिकचे लोक हमखास घसरतो. ऑक्टोबरात छाटू नका.

आपल्याकडे वेल खऱ्या अर्थाने झोपतच नाही. म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला, तिच्या डोळ्यांत घड बसवायला. ऑक्टोबरची गोडी छाटणी ते घड बाहेर काढायला, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून वर पेस्टिंग, म्हणजे औषधाचा लेप. इथे पेस्टिंगचं काम हिवाळा फुकट करतो. पानं गळतात, वेल दोन-तीन महिने गाढ झोपते आणि एप्रिल-मेमध्ये डोळे आपसूक फुटतात. पण झोपण्याआधी, ऑक्टोबरात, पिवळी पडत चाललेली पानं आपल्यातलं उरलंसुरलं अन्न काडीत, खोडात, मुळांत उतरवत असतात. हीच पुढच्या मेची शिदोरी. मी पहिल्या शरदात हौसेने गोडी छाटणी घेतली, दसऱ्याचा मुहूर्त धरून. आठ-दहा दिवस हवा उबदार राहिली, दोन डोळे पोंग्यावर आले, मला आनंद झाला. मग नोव्हेंबरच्या पहिल्या कडाक्यात ते काळे पडले आणि पुढच्या वर्षी वेल अशी रोडावली की तिला सावरायला पूर्ण हंगाम गेला. वडिलांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, “तिथं थंडी आहे ना? मग तुझं घाईचं काय काम होतं?”

छाटणी नोव्हेंबरच्या अखेरीस ते नाताळ, सगळी पानं गळल्यावर. फेब्रुवारी-मार्चपर्यंत लांबवली तर कापलेल्या टोकातून पाणी गळायला लागतं, नळ टपकावा तसं, कधी कधी दिवसचे दिवस. त्याने वेल मरत नाही, पण थांबवताही येत नाही आणि पाहवतही नाही.

कशी छाटायची ते जातीवर आहे. ब्लॅक हॅम्बर्ग, बॉस्कूप ग्लोरी यांचा एक ओलांडा कायम ठेवायचा आणि त्यावरच्या बाजूच्या काड्या दर हिवाळ्यात दोन डोळ्यांवर आणायच्या. या जातींत बुडाचे डोळेही फळ देतात. हिमरॉड आणि लेकमाँटने मात्र थॉमसनचा स्वभाव उचललाय. थॉमसनच्या काडीला बुडाचे दोन-तीन डोळे वांझ असतात हे तुमच्या भावाला पाठ असेल. त्या दोन डोळ्यांवर छाटल्या तर वेल दणकट, पानं हिरवीगार आणि घड शून्य. मग लोक नर्सरीला शिव्या घालतात. हिमरॉडला दर हिवाळ्यात दोन चांगल्या, तपकिरी, पिकलेल्या काड्या आठ-दहा डोळ्यांवर ठेवून तारेवर डाव्या-उजव्या आडव्या बांधायच्या, पुढच्या सालासाठी मध्ये एक काडी दोन-तीन डोळ्यांची, आणि बाकी सगळं कापून टाकायचं. पहिल्यांदा कापताना हात थरथरतो. नव्वद टक्के लाकूड जमिनीवर पडलेलं दिसलं की समजा बरोबर छाटलंत.

काडीबद्दल आणखी एक. पुढच्या वर्षीचा घड यंदाच्या जून-जुलैत डोळ्याच्या आत तयार होतो, आणि ज्या डोळ्यावर ऊन पडतं त्यातच. तुमच्या मांडवाखाली सावलीत वाढलेल्या काड्या आज कितीही जाड दिसल्या तरी आतून रिकाम्या असायची शक्यता जास्त. सूक्ष्म घडनिर्मितीच्या वेळी ढगाळ हवा राहिली की नाशिकला पुढे घड कमी निघतात, तोच हा प्रकार. म्हणून उन्हाळ्यात पानं विरळ ठेवणं हे दोन वर्षांचं काम एकदम होतं.

वसंतात भीती दवाची नाही, हिमाची. झोपलेली वेल शून्याखाली दहा अंश सहज काढते. पण कोवळी हिरवी फूट बाहेर आली की उणे दोनलाही जळते, आणि शेफिल्ड-लीड्सकडे मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत अशी रात्र येऊ शकते. हवामानाचा अंदाज बघून संध्याकाळी पांढरं बागकामाचं कापड पांघरायचं, सकाळी काढायचं. फूट जळलीच तर शेजारून दुय्यम डोळा फुटतो, पण त्यावर घड थोडे.

आणि आता खरी मेख. घड किती ठेवायचे.

चार वर्षांच्या वेलीवर पंचवीस घड! पिंपळगावच्या उन्हात ते झेपले असते. इथे तिसऱ्या वर्षी तीन आणि चौथ्या वर्षी पाच, त्याच्यावर नाही. पहिल्या दोन वर्षांत एकही नाही, दिसला की खुडायचा. नंतर भिंतीवरच्या भरल्या वेलीवरही एका फुटीला एक घड, तोही प्रत्येक फुटीवर नाही. माझ्या हिमरॉडवर बारा-चौदा घड असतात, त्याच्यावर गेलो की त्या वर्षी सगळेच थोडे थोडे आंबट. पान साखर बनवतं. इथल्या मंद उन्हात एक घड गोड करायला बारा-पंधरा निरोगी पानं लागतात असं मी धरतो. इंग्रजी पुस्तकं सांगतात की घडाच्या पुढे दोन पानं ठेवून शेंडा मारा. काचघरात ते ठीक. भिंतीवर मी पाच-सहा ठेवतो आणि बगलफुटी एका पानावर खुडतो. पान कमी पडून घड आंबट राहण्यापेक्षा फूट थोडी लांब दिसली तर दिसू दे.

घड काढायचे कधी? लोक लागल्यावर, मणी बनल्यावर, मन घट्ट करून काढतात. तोवर उशीर झालेला असतो, वेलीने खर्च करून टाकलेला असतो. फुलोऱ्याच्या आधी, घड बोटभर असतानाच निवड करा. फुलोऱ्यात हवा गार-ओली राहिली तर मणी नीट धरत नाहीत म्हणून मी दोन-तीन जास्तीचे ठेवतो आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते काढतो. काचघरात दुपारी ओलांडा हलकेच हलवायचा, परागकण उडतात, तेवढं पुरतं.

मग विरळणी. मणी मिरीपेक्षा मोठे, वाटाण्याहून लहान असताना, टोकदार कात्रीने तीनातला एक मणी काढायचा, आतले आणि बारके आधी. हात घडाला लागू द्यायचा नाही, वरची पांढरी लव पुसली जाते. थिनिंगच्या बायकांना तुम्ही पाहिलंय, त्यांच्या निम्म्या वेगानेही हे आपल्याला जमत नाही. पण चौदा घडांना घाई कसली. काढलेले हिरवे मणी टाकू नका. आमच्याकडे ते आमसुलाच्या जागी आमटीत पडतात, आणि गूळ-मेथीवर त्यांचा मेथांबा तर कैरीच्या तोंडात मारेल असा होतो.

ऑगस्टच्या मध्यापासून घडाभोवतीची, विशेषतः सकाळचं ऊन अडवणारी दोन-तीन पानं काढा. एकदम सगळी नकोत.

पाण्याचं थोडक्यात: भिंतीवरच्या जुन्या वेलीला जवळपास नाहीच, पहिल्या दोन वर्षांत आठवड्याला एकदा भरपूर. काचघरात मूळ आत असेल तर आठ-दहा दिवसांनी खोलवर, आणि मणी रंगू लागले की कमी करत जायचं, नाहीतर मणी तडकतात. वसंतात मूठभर पोटॅश. मधल्या काळात जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडला तर ती मॅग्नेशियमची कमतरता, लिटरला २० ग्रॅम एप्सम सॉल्टची फवारणी.

रोगांत इथे आपली जुनी ओळखीची भुरी आहेच. गंमत म्हणजे ही अमेरिकन बुरशी युरोपात पहिल्यांदा दिसली ती फ्रान्समध्ये नव्हे, इंग्लंडमध्ये, केंटमधल्या मार्गेटच्या एका काचघरात, १८४५ साली. टकर नावाच्या माळ्याच्या ती नजरेला आली, म्हणून तिला शास्त्रीय नावातही टकर चिकटला. गंधकाचा उपायही तेव्हापासूनचा. घरच्या बागेसाठी मात्र इथे औषधांचे नियम कडक आहेत, बाटलीवर द्राक्ष लिहिलं असेल तेच वापरा. मी गेली सात-आठ वर्षं काही मारलेलं नाही. भुरीला कोंदट हवा आणि कोरडं मूळ आवडतं, ती दोन्ही दिली नाहीत की काम भागतं. काचघराच्या झडपा मेपासून उघड्या. केवडा रोग कधीमधी. खरा शत्रू म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरची राखाडी कूज, ती दाट घडात शिरते, आणि तिच्यावर विरळणीसारखा उपाय नाही. काचघरात मिलीबग (पिठ्या ढेकूण) होतो. तो सुटलेल्या सालीखाली लपतो, म्हणून जानेवारीत ओलांड्याची सुटी साल हाताने सोलून काढायची, हिरवं दिसेपर्यंत खरवडायचं नाही. त्याच वेळी ओलांडा तारेवरून सोडवून आडवा झुकवून ठेवायचा. उभा राहिला तर शेंड्याचेच डोळे आधी फुटतात आणि खालचे मागे राहतात. डोळे एकसारखे फुटले की परत बांधायचा. तुमचा भाऊ पेस्टिंगवर जो खर्च करतो, तो इथे एका सुतळीत भागतो.

गोडी भरायला लागली की पाहुणे येतात. गांधीलमाश्या, ब्लॅकबर्ड आणि स्टार्लिंग. स्टार्लिंग म्हणजे आपल्या ज्वारीवर धाड घालणाऱ्या भोरड्यांचे सख्खे चुलतभाऊ, स्वभाव तोच. जाळी टाकली तर ती ताणून टाका, सैल जाळीत पक्षी अडकून मरतात. मी घडाघडाला ऑर्गंझाच्या पोटल्या बांधतो, लग्नात बदाम-खडीसाखर घालून देतात तसल्या, फक्त मोठ्या. गांधीलमाशी, पक्षी, फळमाशी, सगळ्यांवर एकच इलाज, आणि धुऊन पुढच्या वर्षीही चालतात.

काढायचं कधी हे रंगावर ठरवू नका. हिमरॉड हिरव्याची पिवळसर, किंचित पारदर्शक होते. बियांच्या जातीत बी चावून बघा, हिरवी असेल तर थांबा, तपकिरी आणि कुरकुरीत झाली तर तयार. घडाच्या टोकाचा मणी चाखायचा, खांद्याचा नाही, खांदा आधी पिकतो. रिफ्रॅक्टोमीटर (रसातली गोडी ब्रिक्समध्ये मोजायचं यंत्र) भावाकडून आणा, तो आणायला बंदी नाही. माझ्या भिंतीवर १७ ब्रिक्स आला की मी काढतो. काही वर्षी १९ पर्यंत जातो, आणि एका पावसाळी साली १४ वर अडकला तेव्हा सगळ्याचा सरबत-पाक केला. गोडी वेलीवरच वाढते, तोडल्यावर वाढत नाही, एवढं ध्यानात ठेवून हिमाच्या पहिल्या रात्रीपर्यंत धीर धरता येतो.

आणि सगळं एकदम काढायची घाई नको. व्हिक्टोरियन माळी घडाला वीतभर काडी ठेवून कापायचे, त्या काडीचं टोक कोळशाचा तुकडा टाकलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडवून बाटली तिरकी ठेवायचे, आणि अंधाऱ्या गार खोलीत घड बाहेरच्या बाजूला मोकळा लोंबत ठेवायचे. मोठ्या वाड्यांतून खास त्यासाठी खोल्या होत्या. माझ्याकडे गाड्यांची शेड आहे आणि दुधाच्या जुन्या बाटल्या आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कापलेले चार घड त्यात ठेवतो. देठ हिरवा राहतो, मणी सुरकुतत नाहीत, आणि दिवाळी उशिरा आली तरी फराळाच्या ताटात चकलीशेजारी ते येतात.